खुलासा: गिळलेला बटन सेल केळ्याने ‘आपोआप पडत’ नाही

मुलाने रिमोटमधला चपटा गोल सेल गिळला तर केळी खाऊ घाला, दुसऱ्या दिवशी शौचावाटे पडेल, असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. तो चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे. नाणं बऱ्याचदा तसं पडतं, हे खरं. पण सेल म्हणजे नाणं नव्हे.

सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीजप्रवाह सुरू होतो आणि ऋण टोकाशी तीव्र अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं रसायन) तयार होते. ती ऊतक जाळते. सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. २० मिलिमीटरच्या लिथियम सेलने गंभीर इजा व्हायला दोन तासही पुरतात. ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो, म्हणून जुना सेल टेबलावर ठेवू नका, कृपा करून.

गिळताना कुणी पाहिलं नसेल तर लाळ गळणं, खाणं नाकारणं, खोकला एवढंच दिसतं. कधी काहीच नाही. संशय आला की थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि एक्स-रे करून घ्या. उलटी करवू नका, केळं-भात भरवू नका. अडकलेला सेल दुर्बिणीने काढतात.

सेल गिळलेल्या मुलाला मध द्या, असाही निरोप फिरतो; तो मात्र निराधार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात मधाने इजा कमी झाल्याचं दिसलं. पण मध रुग्णालयाच्या वाटेवर द्यायचा, वर्षावरच्या मुलालाच, दर दहा मिनिटांनी दोन चमचे. त्यासाठी थांबायचं नाही.