फोटो मामांनी काढला, पेरा आईच्या नावावर लागला

पीएम किसानचा हप्ता पडला की मेसेज माझ्या फोनवर येतो. 2 हजार. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 2 हजार वेगळे. आई माझ्याकडे संभाजीनगरला राहते. बाबा गेल्यावर वारसाचा फेर झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव आलं, म्हणून कागदोपत्री ती शेतकरी. मी इन्कम टॅक्स भरतो, पण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. त्यामुळे माझा टॅक्स आड येत नाही. सगळं नियमात बसतं.

रान मात्र कसतात मामा. नात्याचे नाहीत, अख्खं गाव त्यांना मामाच म्हणतं. आठ वर्षं झाली, बटईनं करतात. बी-खत निम्मं-निम्मं, राबणं त्यांचं, माल निम्मा. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, म्हणून 2019 पासून या योजनेचा एक रुपया त्यांना मिळालेला नाही.

मागं गावी गेलो तेव्हा ई-पीक पाहणी, म्हणजे रानात काय पेरलंय त्याची मोबाईलवरून सरकारी नोंद, चालू होती. मामा चिखल तुडवत रानाच्या मधोमध गेले. ॲपमध्ये खातेदार म्हणून आईचं नाव निवडलं, गट नंबर टाकला, ओला हात धोतराला पुसून सोयाबीनचा फोटो काढला. रेंज नव्हती, म्हणून फोन घेऊन पार रस्त्यापर्यंत चालत आले. पेरलं त्यांनी, खुरपलं त्यांच्या बायकोनं, आणि सरकारदरबारी पेरा लागला आईचा. मला मान वर करून त्यांच्याकडं बघवेना.

दोन हजारांचं एक वेळ सोडा. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जे केलं ते तुम्ही पाहिलंय. आमच्या रानात गुडघाभर पाणी होतं, शेंगा जागेवर कुजल्या. अनुदान आलं ते सातबाऱ्यावरच्या नावाला. आईनं निम्मे पैसे मामांच्या हातावर ठेवले. पण किती मालक देतात? ज्याचं पीक बुडालं त्यानं मालकाच्या दारात जाऊन उभं राहायचं, याला काय मदत म्हणायची?

पीक विमा कसणाऱ्याला काढता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो कोणी करून देत नाही, कारण प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती: कागद केला आणि उद्या कूळ लागलं, म्हणजे कसणाऱ्याचाच जमिनीवर हक्क लागला तर? ही भीती खोटी नाही, कुळकायद्यात गेलेल्या जमिनी घराघरात आठवणीत आहेत. पण त्यावर इलाज आहे. आंध्र प्रदेशानं 2019 मध्ये कायदाच केला. 11 महिन्यांचा करार, मालकी हक्काला धक्का नाही, आणि कसणाऱ्याच्या हातात पिकावरच्या हक्काचं कार्ड. आपल्याकडं हे का होऊ नये? शेतीचा पैसा शेतीत राबणाऱ्याला मिळावा, एवढंच तर मागणं आहे.

येत्या पाडव्याला बटई पुन्हा ठरेल. आई म्हणते, यंदा कागद करून टाक. मी करणार आहे. भावकीतले दोघं-तिघं म्हणतात, वेडेपणा करू नको. निदान विमा तरी मामांच्या नावानं निघेल. पीएम किसानचा हप्ता मात्र त्या कागदावरही त्यांना मिळायचा नाही, तो आईच्याच खात्यात येत राहील.