मृत्युपत्र? छे, आपल्याला काय धाड भरलीय!

मृत्युपत्राचं खूळ डोक्यातनं आधी काढून टाका बघू. ते मुंबईच्या शेठ लोकांनी करायचं असतंय. आपलं काय, सांगलीत विश्रामबागेत तीन खोल्यांचं घर, तासगावकडं दीड एकर द्राक्षबाग, कारखान्याचा शेअर, दोन पतसंस्थांत एफडी आणि बायकोच्या अंगावरचं सोनं, एवढ्याला कोण कागद करत बसतंय. शिवाय मृत्युपत्र लिहिलं की माणूस लवकर जातो म्हणतात. विम्याच्या हप्त्यानं मात्र काही होत नाही, तो बिनधास्त भरा.

आणि तुम्ही नाही लिहिलं म्हणून अडतंय थोडंच, सरकारनं 1956 सालीच हिंदू वारसा कायदा करून तुमच्या वतीनं लिहून ठेवलंय. स्वकष्टाच्या मिळकतीत आई, बायको, पोरं, पोरी सगळ्यांना सारखा वाटा. आई हयात आहे, बायको आहे, दोन पोरं आणि एक पोरगी आहे, म्हणजे बायकोच्या वाट्याला घराचा पाचवा हिस्सा, साधारण स्वयंपाकघर धरा, ओटा सोडून. जिनं घराच्या हप्त्यासाठी भिशी लावली, दागिने गहाण टाकले, तिला एवढं पुष्कळ झालं. वडील असतील तर ते कायद्यातल्या वारसांच्या पहिल्या यादीत नाहीतच, पण म्हाताऱ्या माणसाला घर घेऊन तरी काय करायचंय?

एफडीला तर नॉमिनी टाकलाय, मग झालं की! सुप्रीम कोर्टानं 2010 साली बँकेतल्या ठेवींबद्दल सांगितलंय की नॉमिनी पैसे फक्त हातात घेतो, मालक वारसच, पण असलं वाचत बसू नका, डोकं उठतं.

पोरीचं तर अजिबात टेन्शन घेऊ नका. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीतही तिला पोराएवढाच हक्क आहे हे खरं, पण त्याची व्यवस्था तिचे भाऊ करतात, तेही किती प्रेमानं! दिवसकार्य उरकलं की महिनाभरानं दाजींना फोन जातो, गाडी पाठवून ताईला आणतात, साडी होते, जेवण होतं आणि पान खाता खाता विषय निघतो, ताई तेवढं निबंधक ऑफिसात येऊन जा की, साधी सही आहे. त्या साध्या सहीचं नाव हक्कसोडपत्र. केली तर माहेर शाबूत, नाही केली तर दिवाळीला फोन नाही, आणि एखादी म्हणाली की मला माझा वाटा पाहिजे तर अख्खी भावकी म्हणते, शिकून लई शहाणी झाली. आता निदान तुमच्या वाट्याचं तरी तुम्ही जिवंत असताना एका पानात लिहून मिटवू शकला असता, कुणाला काय आणि का ते, पण मग वाईटपणा तुमच्याकडं आला असता. तो भावंडांना एकमेकांत वाटून घेऊ द्या ना, ते एक तरी समान वाटलं जातं.

पुढं तलाठ्याकडं वारसनोंद, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, आणि मग पीककर्जाला पण सह्या, विकायला पण सह्या, एक पोरगा हिंजवडीत, एक दुबईत. बाग छाटायची कुणी ह्यावरनं दोन हंगाम जातात, तोवर वेलीच वाळून जातात, म्हणजे वाटपाचा प्रश्न निम्मा आपोआप सुटला.

एवढं सांगूनही मृत्युपत्राची हौस असेलच तर निदान नीट बिघडवून करा. साक्षीदार दोन लागतात, ते तुमच्यापेक्षा म्हातारे निवडा, सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला येणाऱ्यांत भरपूर मिळतील. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला घेऊ नका, पुढं वकिलांनी काय खायचं? ज्या पोरावर राग येईल त्याला वगळून दर गणपतीला नवीन लिहा आणि तारीख टाकू नका, कारण शेवटचं तेच खरं धरतात आणि शेवटचं कुठलं हे शोधण्यात पोरांचा वेळ चांगला जातो. मग ते सगळे कागद कपाटात साड्यांच्या खाली घालून कुणालाच सांगू नका.

फक्त एक जपा. हे साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही आणि मनात येईल तेव्हा बदलता येतं, एवढं पोरांच्या कानावर जाऊ देऊ नका. नाहीतर रविवारी जेवताना ती विषय काढणार आणि तुम्हाला मटणाचा रस्सा तसाच सोडून, कुणाचा तरी फोन आलाय म्हणत बाहेर जावं लागणार.