पासष्टी उलटली म्हणून इंग्रजी माफ होत नाही

अमेरिकेत सत्तरीच्या आजीला इंग्रजी वाक्यं गिरवायला लावणं हा छळ आहे, ती नुसती पोपटपंची होते, आणि ज्येष्ठांना सिटिझनशिपची परीक्षा मराठीतून देता येते, हा तुमचा आक्षेप वाचला. मराठीतून देता येते हे अर्धंच खरं. त्यावर विसंबून अर्ज भरला की मुलाखतीत पंचाईत होते.

नुसतं वय पुरत नाही, ग्रीन कार्डाची वर्षंही मोजतात. अर्ज करताना वय 50 आणि ग्रीन कार्डावर 20 वर्षं, किंवा वय 55 आणि 15 वर्षं झाली असतील, तर इंग्रजी माफ. नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीतून. वय 65 आणि 20 वर्षं असतील तर तयारीही 20च प्रश्नांची. पण नातवंडं सांभाळायला बासष्टाव्या वर्षी आलेली आजी अडुसष्टाव्या वर्षी अर्ज करते तेव्हा तिच्या खात्यावर जेमतेम सहा वर्षं! (आजारपणासाठी इंग्रजीतून सूट मागण्यासाठी डॉक्टरने भरायचा एन-648 फॉर्म आहे, ‘वय झालं’ एवढं कारण तिथे चालत नाही.)

आता गिरवण्याचं. जास्तीत जास्त तीन संधींत एक वाक्य वाचायचं आणि एक ऐकून लिहायचं. लेखनाची शब्दयादी छोटी आहे. महिने सातच: फेब्रुवारी, मे, जून, जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. स्पेलिंग थोडं चुकलं तरी खपतं, पण सांगितलेल्या शब्दाचा शॉर्टफॉर्म लिहिला की वाक्य बाद. इंग्रजी उत्तरं देवनागरीत उतरवलेली वही तोंडी उत्तरांना उपयोगी, इथे नाही. लिहायचं बहुधा टॅब्लेटवर असतं, तेव्हा स्टायलसची सवय घरीच करून द्या.

पोपटपंचीबद्दल मात्र तुमचं म्हणणं पटतं. बोलण्याची परीक्षा एन-400 या सिटिझनशिपच्या अर्जातल्या प्रश्नांवरच होते आणि घोळ तिथेच होतो. ‘हॅव यू एव्हर क्लेम्ड टू बी अ यूएस सिटिझन?’ साहेबाला नाही कसं म्हणायचं, म्हणून आजी ‘येस, येस’ म्हणून मोकळी होते. हा ‘येस’ म्हणजे नागरिक असल्याचा दावा केल्याची कबुली, ती चांगलीच महागात पडू शकते. बरं, ‘नो’ म्हटलं तरी ‘क्लेम म्हणजे काय?’ हा प्रश्न येऊ शकतो. ‘आय से आय ॲम सिटिझन, बट आय ॲम नॉट’ एवढं मोडकंतोडकं उत्तरही पुरतं.

म्हणून आधी ‘प्लीज रिपीट’ आणि ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ तोंडात बसवा. अधिकारी प्रश्न पुन्हा, सोप्या शब्दांत विचारतात. एखादा भाग राहिलाच, तर 60 ते 90 दिवसांत तेवढ्याच भागासाठी पुन्हा बोलावतात.