पाळतीवरचा सिनेमा कसा पाहावा

'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' बघायला जाताना रुमाल विसरू नका. शेवटी रडायचं असतं. कुणासाठी, ते आधीच सांगते: पाळत ठेवणाऱ्यासाठी.

१९८४ चं पूर्व बर्लिन. श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, कॅप्टन वीस्लर माळ्यावर कानाला हेडफोन लावून बसलाय, खाली नाटककार ड्रायमन आणि त्याची मैत्रीण. पियानो ऐकून कॅप्टनचे डोळे भरतात, पुढे तो खोटे अहवाल लिहू लागतो. इथे हुंदका द्यावा. सरकारने काम बंद केल्यामुळे जीव देणारा दिग्दर्शक येर्स्का, ट्रकखाली जाणारी क्रिस्टा-मारिया, यांच्यावर अश्रू वाया घालवू नयेत.

पॉपकॉर्न आवाज न करता खावेत.

नंतरच्या चर्चेत उभं राहून म्हणावं, "यंत्रणा वाईट नसते हो, माणूस कसा आहे त्यावर असतं." परवा आमच्या फिल्म क्लबात शेजारचे गृहस्थ असंच म्हणाले. टाळ्या पडल्या. मग ठरलेलं पुढचं वाक्य: "आपल्याकडे लपवण्यासारखं नसेल तर भीती कसली?"

भीती कसली! १९८९ साली श्टाझीचे पूर्णवेळ नोकरच ९०,००० च्या वर, खबरे लाखाच्या वर वेगळे. देश जेमतेम १ कोटी ६० लाखांचा. संशयितांच्या वासाचे फडके बरणीत भरून ठेवायचे, आपण लोणचं भरतो तसे, कुत्र्यांना हुंगवायला. फायली एकापुढे एक लावल्या तर १०० किलोमीटरच्या वर जातात. १९९२ मध्ये त्या लोकांना बघायला मिळाल्या, तेव्हा एका बाईंना कळलं की आपल्यावर खबर देणारा आपला नवराच होता. आणि तो प्रेमळ वीस्लर? होहेनशोनहाउझन या श्टाझीच्या जुन्या तुरुंगाच्या स्मारकाचे तेव्हाचे प्रमुख क्नाबे यांनी तिथे चित्रीकरणच करू दिलं नाही. श्टाझीवाल्याला नायक केलेलं त्यांना पटलं नाही.

तर तेच रुमालवाले गृहस्थ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर माझा सीसीटीव्हीतला फोटो: "रात्री ११.४५. ४०३. सोबत कोण?" खाली चार अंगठे.

सोबत मावसभाऊ होता, स्टेशनवरून आणला. आणि नसता, तरी तुम्हाला काय करायचंय? कॅमेरा पाण्याच्या टाकीपाशी पंप चोरीला गेला म्हणून बसवला होता ना? तो लिफ्टसमोर कधी आला? वीस्लरने निदान पाहिलेलं दडवलं हो, तुम्ही अंगठे मोजताय. काढा तो फोटो. आत्ता.