वडिलांचा स्टेंट आणि ‘खोटी’ शस्त्रक्रिया : सांगलीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सांगलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि रागाने लिहिलेली आहे. राग समजतो, कारण विषय तुमच्या वडिलांचा आहे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तिचा मथितार्थ आधी देते. स्थिर हृदयविकारात, म्हणजे चढ चढताना छाती भरून येते आणि थांबलं की ओसरते अशा दुखण्यात, स्टेंटची (अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) घाई करण्याचं कारण सहसा नसतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की वडिलांना नेमकं हेच दुखणं होतं. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) पॉझिटिव्ह आली, अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणात) एका रक्तवाहिनीत ९०% ब्लॉक निघाला, त्याच दुपारी स्टेंट बसला आणि आज ते रोज सकाळी फिरायला जातात. ‘तुमचं ऐकलं असतं तर आज त्यांच्या फोटोला हार असता,’ हे तुमचं वाक्य. पुढे तीन आक्षेप: मी लेखात दिलेले स्टेंटचे प्रयोग गोऱ्या लोकांवरचे आहेत, त्यांत तुलनेसाठी रुग्णावर खोटी शस्त्रक्रिया करणं (म्हणजे उपचार न करता केल्यासारखं दाखवणं) ही फसवणूक आहे, आणि घरी बसून डॉक्टरांवर टीका करणं सोपं असतं. शेवटी काकांबद्दलचा प्रश्न आहे, त्याकडे शेवटीच येते.

टीकेचं आधी उरकते. मी डॉक्टर नाही. क्लिनिकल ट्रायलचे कागद तपासण्यात माझी नोकरी गेली, आणि त्या लेखातलं एकही वाक्य डॉक्टरांच्या विरोधात नव्हतं. त्यात सांगितलेले सगळे प्रयोग हृदयरोगतज्ज्ञांनीच केलेले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचा रोजचा धंदाच स्टेंट घालण्याचा आहे.

आता वडिलांबद्दल. ते बरे झाले यात मला शंका नाही. प्रश्न एवढाच, की बरं कशाने वाटलं आणि टळलं काय. तुम्हीच लिहिलंय की त्या दिवसापासून अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (दोन्ही गुठळी धरू न देणारी), स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं) आणि बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं) सुरू झालं, तंबाखूची पुडी कायमची सुटली आणि चालणं सुरू झालं. म्हणजे एकाच आठवड्यात पाच-सहा गोष्टी बदलल्या, आणि श्रेय सगळं त्या जाळीदार नळीला. शिवाय माणूस दवाखान्यात जातो तो दुखणं सर्वांत वाईट असतं तेव्हा. अँजायना, म्हणजे हे छातीचं दुखणं, काही आठवडे चढतो, काही आठवडे उतरतो. उतरण्याच्या आधी जे काही केलं असेल त्याला यश मिळतं, मग तो स्टेंट असो की अर्जुनारिष्ट.

‘नव्वद टक्के’ या आकड्याने घरातल्या सगळ्यांचे पाय गळतात हे मी जवळून पाहिलंय. रिपोर्टवर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं छापील रेखाचित्र असतं. त्यात डॉक्टर निळ्या पेनाने एका फांदीवर फुली मारतात आणि बाजूला ‘९०%’ लिहितात. पेशंट आत टेबलावर असतो. नातेवाइकांना काचेपाशी बोलावून पडद्यावरची बारीक झालेली रेघ दाखवतात आणि विचारतात, ‘आत्ताच घालून टाकू या का? नाहीतर पुन्हा टोचावं लागेल.’ त्या क्षणी ‘थांबा, विचार करतो’ म्हणायची छाती कोणाची होणार? मुलगा सही करतो. मीही केली असती.

पण ती बारीक रेघ आणि हार्ट अटॅक यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. अटॅक बहुतेकदा येतो तो चरबीच्या थराचं पातळ आवरण फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यामुळे. पिकलेली पुळी फुटते, जुना घट्टा फुटत नाही, तसंच काहीसं. पूर्वी अँजिओग्राफी झालेल्या आणि नंतर अटॅक आलेल्या लोकांची जुनी चित्रं काढून पाहिली, तेव्हा जिथे गुठळी धरली ती जागा आधी अनेकदा मध्यमच अरुंद होती, सत्तर टक्क्यांच्याही खाली. नव्वद टक्क्यांच्या ब्लॉकमुळे चढावर छाती दुखते हे खरं. स्टेंट त्या एका जागेची वाट रुंद करतो हेही खरं. पण बाकीच्या रक्तवाहिन्यांत कुठल्या आवरणाची साल पातळ झालीय ते त्याला माहीत नसतं. तिथे काम करतात ती स्टॅटिन, अॅस्पिरिन, रक्तदाबाची गोळी आणि सुटलेली तंबाखू.

हा नुसता तर्क नाही, मोजून पाहिलेला आहे. २००७ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २,२८७ रुग्णांवरचा ‘करेज’ प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांना उत्तम औषधं दिली आणि त्यातल्या निम्म्यांना सोबत अँजिओप्लास्टीही (अरुंद रक्तवाहिनी फुग्याने रुंद करून बहुधा स्टेंट घालणं) केली. साधारण साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा अटॅक यांचं प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात १९% आणि नुसत्या औषधांच्या गटात १८.५%. त्यावर हृदयरोगतज्ज्ञांनी रास्त शंका काढली, की ज्यांच्या हृदयाला खरोखर मोठ्या प्रमाणात रक्त कमी पडतं अशांनाच घेऊन पाहा. मग ‘इस्केमिया’ झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. ५,१७९ रुग्ण, स्ट्रेस टेस्टमध्ये (हृदयावर ताण देऊन करायच्या तपासणीत) मध्यम ते गंभीर दोष असलेले. एका गटाची लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला औषधं, आणि औषधांनी भागलं नाही तरच पुढची पायरी. सव्वातीन वर्षांच्या सुमारास पहिल्या गटात १४५ मृत्यू होते आणि दुसऱ्यात १४४.

‘गोऱ्या लोकांचे प्रयोग’ या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. ‘इस्केमिया’ ३७ देशांतल्या ३२० केंद्रांत झाला आणि त्यात भारतातली रुग्णालयं होती. आपल्याकडे हा रोग लवकर गाठतो, हे तुमचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचं पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५८.८ होतं. पण त्याच अभ्यासाने हेही दाखवलं, की धूम्रपान, कोलेस्टेरॉलचे घटक, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर अशी नऊच कारणं जगभरच्या अटॅकच्या सुमारे ९०% धोक्यामागे आहेत, आणि ती आपल्याकडेही तीच आहेत. रोग लवकर येतो म्हणून गोळी आणि तपासणी लवकर सुरू करा, एवढंच त्यातून निघतं. स्टेंट लवकर घाला असं त्यातून निघत नाही.

आता खोट्या शस्त्रक्रियेकडे. तुमच्या प्रतिक्रियेतला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अँजायनावर एक शस्त्रक्रिया भलतीच गाजत होती. जागा बधिर करून छातीवर दोन लहान छेद घ्यायचे आणि बरगड्यांमागच्या दोन रक्तवाहिन्या बांधून टाकायच्या, म्हणजे रक्त हृदयाकडे वळेल, अशी कल्पना. रुग्णांना आराम पडायचा, ते गोळ्या कमी खायचे, जास्त चालायचे. तुमच्या वडिलांसारखेच. मग सिएटलमध्ये लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. छेद घेऊन रक्तवाहिनी मोकळी केली, की सर्जनच्या हाती एक लिफाफा यायचा. आत चिठ्ठी: बांधा, किंवा न बांधताच शिवून टाका. निकाल १९५९ मध्ये छापून आला. ज्यांचं काही बांधलं नव्हतं त्यांनाही बांधलेल्यांइतकाच आराम पडला होता. ती शस्त्रक्रिया लवकरच इतिहासजमा झाली. हा लिफाफा नसता तर पुढची किती वर्षं किती छात्या उगाच चिरल्या गेल्या असत्या याचा विचार करा, आणि मग फसवणूक कोणती ते ठरवा.

एका बाबतीत मात्र तुमचं बोट बरोबर जागी आहे. कॉब यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेची चाचणी चाललीय एवढंच सांगितलं होतं. काहींना नुसताच छेद मिळणार हे सांगितलं नव्हतं. आज अशा प्रयोगाला कुठलीही नैतिक समिती परवानगी देणार नाही, आणि देऊ नये.

लंडनच्या इंपिरिअल कॉलेजच्या रशा अल-लामी आणि डॅरेल फ्रान्सिस यांच्या चमूने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘ऑर्बिटा’ इथेच वेगळा आहे. त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आपल्याला स्टेंट मिळेल किंवा मिळणारही नाही, आणि प्रयोग संपेपर्यंत कोणालाच ते सांगितलं जाणार नाही. तरी २०० जण तयार झाले. तुमच्या वडिलांसारखेच सगळे, एकाच रक्तवाहिनीत ७०% किंवा जास्त ब्लॉक असलेले. आधी सहा आठवडे औषधं नीट बसवली. मग कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) कानाला हेडफोन लावून गाणी सुरू करायची, गुंगी द्यायची, आणि स्टेंट घालायचा की नाही ते संगणकाने ठरवायचं. स्टेंट नाही असं निघालं तरी पेशंट निदान पंधरा मिनिटं टेबलावरच. बाहेर नेल्यावर वॉर्डातल्या लोकांनाही काय झालं ते कळू द्यायचं नाही, कारण नर्सच्या चेहऱ्यावरूनही माणसाला अंदाज येतो. आतला चमू पुन्हा त्या रुग्णासमोर जायचाच नाही. इतकी काटेकोर गुप्तता मी माझ्या कामात क्वचितच पाहिली.

सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवरचा वेळ स्टेंटवाल्यांचा २८.४ सेकंदांनी वाढला होता आणि बिनस्टेंटवाल्यांचा ११.८ सेकंदांनी. फरक १६.६ सेकंदांचा, आणि तोही योगायोग म्हणून झटकता येईल इतपतच. या प्रयोगाची किंमतही सांगायला हवी: स्टेंट न मिळालेल्या गटातल्या चौघांना रक्तवाहिनीत घातलेल्या, दाब मोजण्याच्या तारेमुळे इजा झाली आणि शेवटी स्टेंट घालावाच लागला. कोणी दगावलं नाही. पण ‘खोटी’ शस्त्रक्रियाही फुकट पडत नाही, हे तुमच्या बाजूने नोंदवून ठेवते.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची. त्याच चमूने २०२३ मध्ये ‘ऑर्बिटा-२’ प्रसिद्ध केला. यावेळी ३०१ रुग्णांच्या अँजायनाच्या गोळ्या बंद करून मग स्टेंट आणि खोटी प्रक्रिया यांची तुलना केली. स्टेंट स्पष्टपणे जिंकला. दुखणं कमी झालं, ट्रेडमिलवर जवळपास एक मिनिट जास्त निघालं. म्हणजे स्टेंटने छातीचं दुखणं कमी होतं हे आता सिद्धच आहे. स्टेंट मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना थोडाफार त्रास उरलाच, हेही त्याच प्रयोगात दिसलं. तुमच्या वडिलांना चालताना बरं वाटतं त्यात स्टेंटचा वाटा नक्कीच असू शकतो. फोटोला हार घालण्याची वेळ त्याने टाळली, याला मात्र आधार नाही.

तुम्ही मांडायला हवा होता असा एक मुद्दा मीच मांडते, कारण तो माझ्या लेखावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप आहे. प्रयोगातल्या लोकांना फोन करून गोळी घेतली का विचारणारी माणसं असतात. आपल्याकडे? २०११ च्या ‘प्युअर’ अभ्यासात, भारत ज्या गटात होता त्या कमी उत्पन्नाच्या देशांत, आधी अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या पाचांतल्या चौघांना एकही नेमकं औषध चालू नव्हतं. मग जो गोळ्या घेणारच नाही त्याला निदान स्टेंट तरी घाला, असं म्हणता येईल का? उलट आहे. स्टेंट बसवल्यावर काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चुकवून चालत नाही. मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरते, आणि तो अटॅक फार वाईट असतो. गोळ्यांचा कंटाळा असलेल्या माणसाला घाईने स्टेंट घालणं म्हणजे त्याच्या मागे नवीन भीती लावणं.

आता तुमचे काका. टीएमटी पॉझिटिव्ह, पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी, आणि तुमचा प्रश्न की त्यांनाही घरी बसायला सांगणार का. मुळीच नाही. त्यांना बसल्याजागी छातीत कळ आली, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखू लागलं, किंवा दुखणं दिवसागणिक कमी श्रमांत येऊ लागलं, तर हा लेख, मागचा लेख आणि मी, सगळं बाजूला ठेवून कॅथलॅब असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा. अटॅक चालू असताना स्टेंटने जीव वाचतो, तिथे मिनिटं मोजायची असतात, आणि वरचा एकही प्रयोग अशा रुग्णांवर नव्हता. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा ब्लॉक असेल किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी झालं असेल, तर त्यांचाही हिशोब वेगळा. ‘इस्केमिया’ने अशा लोकांना बाहेरच ठेवलं होतं.

यातलं काही नसेल आणि त्रास फक्त जिन्यावर होत असेल, तर डॉक्टरांना अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी भेटा, टेबलावर झोपल्यावर नाही. टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग किती आहे ते विचारा. अँजायनाची किती औषधं आणि किती मात्रेत देऊन झाली ते विचारा. बऱ्याचदा एकच गोळी चालू असते, तीही अर्धी. आणि संमतीपत्रावर अँजिओग्राफीच्या सोबत ‘गरज वाटल्यास अँजिओप्लास्टी’ असं छापलेलं असेल, तर मुख्य रक्तवाहिनी सोडून बाकी काही निघालं तर आधी घरी बोलू, मग ठरवू, असं काकांनी स्वतः सांगावं. तोवर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट (अँजायनाची कळ थांबवणारी गोळी) त्यांच्या खिशात असू दे, आणि ती बसूनच घ्यायची, उभ्याने नाही. रक्तदाब उतरून चक्कर येते.