गाडीने उडवून पळणाऱ्यासाठीचं ते १० वर्षांचं कलम लागूच नाहीये

गाडीवाला सायकलवाल्याला उडवून पळाला तर १० वर्षं जेल असं एका लेखात वाचलं, पण भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) ते १०६(२) कलम लागूच केलेलं नाही हो, जानेवारी २०२४ मधे ट्रकवाल्यांनी त्याच्याविरुद्ध संप केला, पंपांवर रांगा लागल्या आठवतंय ना, तेव्हा सरकार थांबलं आणि १ जुलैला बाकी संहिता आली तेव्हा नेमकं हेच बाजूला ठेवलं. मग उरतं काय? माणूस गेला तर १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत जेल. आणि पळाल्याबद्दल वेगळं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात ६ महिन्यांपर्यंत जेल नाहीतर ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बस्स!! मुंबईत पहाटे सायकलवर कोण असतं, पेपरवाला, पाववाला, इडलीवाला, गाडी सापडलीच नाही तर त्याच्या घरच्यांना भरपाई २ लाख. संताप येतो.

आणि "पब्लिक मारेल म्हणून पळालो" हे तर ठरलेलंच. अहो कायद्यात जमावाची सूट आहे ती जखमीला उपचार मिळवून देण्यापुरती, पोलिसांना कळवायला नाही, ते २४ तासांच्या आत करायलाच लागतं, पुढच्या चौकीत जायला कोण अडवतं? बघणाऱ्यांनी पण नंबर टिपा आणि जखमीला उचला, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही.