सीए लपवतात त्या ‘दहा वजावटी’: होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवरच्या मजकुराला उत्तर

गुहागरपासून तारकर्लीपर्यंत होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर ‘सीए सांगत नाहीत अशा दहा वजावटी’ हा मजकूर फिरतोय. ६ टक्के नफा दाखवा, त्यातून वीजबिल, पगार, कर्जाचा हप्ता, एसी, घरचा गणपती असं सगळं वजा करा, वर बायकोला पगार दाखवा, असा त्याचा एकूण सूर. दहाही मुद्दे घेत नाही. खिशाला लागणारे तेवढे घेतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत, म्हणून नियमच सांगतो.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. अंदाजित नफ्याची योजना, जिला लोक जुन्या कलमावरून अजून ४४एडी म्हणतात, ती घ्या आणि वर खर्चही वजा करा म्हणे. दोन्ही एकदम होत नाही. रोख जमेवर ८ टक्के आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के हा किमान नफा धरला, की धंद्याचे सगळे खर्च त्यातच आले. २० लाखांची उलाढाल पूर्ण यूपीआयने झाली तर किमान नफा १ लाख २० हजार. त्यातून वीजबिल पुन्हा निघत नाही. घसारा, म्हणजे वापराने वस्तूची घटणारी किंमत, तोसुद्धा मिळाला असंच मानलं जातं आणि एसी-फर्निचरची हिशेबातली किंमत दरवर्षी उतरत जाते.

ज्याने कर्ज काढून खोल्या बांधल्या आणि सुरुवातीची वर्षं खरोखर तोट्यात आहेत, त्याने या योजनेच्या वाटेला जाऊच नये. हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात आणि तोटा दाखवावा. रिटर्न मुदतीत भरलं तर तो तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो. आधी योजनेत शिरून पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात, तर मात्र पुढची ५ वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही लागतं.

इथून पुढचं वह्या ठेवणाऱ्यांसाठी.

कर्जाचा हप्ता खर्चात धरा? व्याज धरा. मुद्दल नाही.

एसीची पूर्ण किंमत त्याच वर्षी वजा होते? नाही, घसारा मिळतो: एसीला १५ टक्के, फर्निचरला १०, कम्प्युटरला ४०. नवी वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात राहिली, तर पहिल्या वर्षी दर निम्मा. म्हणजे ती साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत सुरू व्हायला हवी. आपल्याकडे एसी बसतो दिवाळीच्या तोंडावर. ४० हजारांच्या एसीवर मग ६ हजारांऐवजी ३ हजारच घसारा. गणपतीचे चाकरमानी परत गेले की बसवून घ्या.

पावसाळ्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही, आणि कोकणात खरी वजावट तिथेच सुटते. कित्येकांचा हिशेब ऑक्टोबरपासून सुरू होतो. पाहुणे नाहीत म्हणजे धंदा मोडला असं नव्हे. केअरटेकरचा पगार, ताडपत्री, विमा, फुटकी कौलं बदलणं, रंग, हे सगळं त्याच वर्षीच्या खर्चात बसतं. नवीन खोली चढवली तर मात्र तो भांडवली खर्च, त्यावर घसाराच. बुकिंग पोर्टलच्या कमिशनची वजावटही अशीच सुटते. कमिशन कापून पैसे आले तर जमेत पाहुण्याने दिलेली पूर्ण रक्कम धरा आणि कमिशन खर्चात टाका. एजंटाकडची येणी जमेत धरली होती आणि ती बुडाली, तर वह्यांत बुडीत लिहून वजा करता येतात.

रोखीत कितीही द्या, व्हाउचर पुरतं, हेही खोटं. एका दिवसात एकाला १० हजारांच्या वर रोख दिली की तो खर्च सहसा नाकारला जातो. मच्छीमाराकडून थेट घेतलेल्या मासळीला यातून सूट आहे. मधल्या व्यापाऱ्याकडून घेतलीत तर नाही.

बायकोचा पगार? तुमच्याच धंद्यातून दिलेला पगार पुन्हा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. तिच्याकडे त्या कामाचं तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण असेल तर गोष्ट वेगळी. सज्ञान मुलगा खरंच राबत असेल तर त्याला कामाच्या मानाने रास्त पगार चालतो.

राहतं घर आणि खोल्या एकाच मीटरवर असतील तर वीजबिलाचा धंद्यापुरता हिस्साच मिळतो. वेगळा मीटर घ्या, वाद मिटतो.

घरचा गणपती जाहिरातीत धरता येत नाही. गावच्या मंडळाच्या अहवालात होमस्टेची जाहिरात देऊन पावती घेतलीत, तर ती जाहिरात.

शेवटचा दावा असा की नव्या करप्रणालीत काहीच वजा होत नाही. विमा-पीपीएफच्या वजावटी जातात. धंद्याचा खर्च, व्याज, घसारा जागेवर राहतात. २०२५-२६ पासून या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तेवढ्यात बसणाऱ्याने ‘कर वाचवायला’ गाडी घेतली, तर वाचायला कर नाहीच, हप्ते तेवढे भरायचे.